भारतातून परत ब्रिटनला: निवृत्तांनी कोणतं काम आधी करायचं, कोणतं नंतर

आयुष्यभर ब्रिटनमध्ये नोकरी करून, तिथलं नागरिकत्व घेऊन, निवृत्तीनंतर पुणे, नाशिक किंवा गोव्यात येऊन राहिलेली बरीच मराठी मंडळी सत्तरीनंतर परत जायचं ठरवतात. कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणाला मुलांजवळ राहायचं असतं, कुणाला इथल्या दवाखान्याचा खर्च झेपेनासा होतो. तिथली महागाई भोवते हे खरंच, पण तिच्याहून जास्त नुकसान कामांचा क्रम चुकल्याने होतं. फ्लॅट घाईघाईने मुलाच्या नावावर होतो, पेन्शन कार्यालयाला चार महिन्यांनी कळवलं जातं, आणि सरकारी मदतीचा अर्ज शिल्लक संपत आल्यावर भरला जातो.

हा लेख ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या आणि तिथल्या पेन्शनचं वय गाठलेल्यांसाठी आहे. ते वय ६६ होतं, एप्रिल २०२६ पासून टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. रकमा २०२५-२६ च्या आहेत आणि दर एप्रिलमध्ये बदलतात. नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत, स्कॉटलंडमध्ये काही मदतींची नावं आणि अटी निराळ्या. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेल्यांचं सगळंच वेगळं असतं. त्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये.

## टप्पा १: दोघांचेही पासपोर्ट समोर ठेवा

तिकिटाआधीचं काम. अनेक घरांत नवऱ्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असतं आणि बायकोने भारतीय पासपोर्ट ठेवून फक्त कायम वास्तव्याचा परवाना घेतलेला असतो (किंवा उलट). हा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास आपोआप संपतो. पासपोर्टमध्ये जुना शिक्का दिसतो म्हणून तो चालू आहे असं धरून लोक विमानतळावर जातात.

परवाना संपला असेल तर दोन वाटा आहेत. एक, रिटर्निंग रेसिडंट व्हिसा: तिथल्याशी नातं अजून घट्ट आहे हे दाखवावं लागतं. दुसरी, जोडीदार म्हणून व्हिसा. त्यासाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न किंवा तेवढ्या ताकदीची बचत लागते. नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड. या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला सरकारी मदत घेता येत नाही, आणि पेन्शन क्रेडिटच्या (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत, टप्पा ७) हिशोबात तुम्हाला एकटं धरलं जातं.

तपासा: दोघांपैकी एकाचाही दर्जा पक्का नसेल तर पुढचे टप्पे थांबवा. एकाने पुढे जाऊन दुसऱ्याचं मागाहून बघू, या बेतात दोन घरांचा खर्च चालू होतो आणि तो किती महिने चालेल हे आपल्या हातात राहत नाही.

## टप्पा २: गोठलेल्या पेन्शनचा हिशोब

भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शन वाढत नाही. ज्या दराने सुरू झाली किंवा ज्या दराने तुम्ही देश सोडलात, त्याच दराने येत राहते. २०१० साली आठवड्याला ९७.६५ पौंडांची पूर्ण बेसिक पेन्शन घेऊन पुण्यात आलेल्याला आजही ९७.६५ च मिळतात. ब्रिटनमध्ये राहिलेल्या त्याच वयाच्या सहकाऱ्याला २०२५-२६ मध्ये १७६.४५ मिळत होते.

कायमचं परतलात की पेन्शन चालू दराला येते. मधल्या वर्षांचा फरक मात्र मिळत नाही, कितीही पत्रं लिहा. म्हणून घरखर्चाचा अंदाज आज बँकेत जमा होणाऱ्या आकड्यावर बांधू नका. इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला (परदेशात राहणाऱ्यांची पेन्शन बघणारं ब्रिटिश कार्यालय) विचारून परतल्यावरचा आकडा लेखी घ्या.

एप्रिल २०१६ नंतर पेन्शनचं वय गाठलेल्यांना नवी पेन्शन लागू होते. पूर्ण दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होता, त्यासाठी साधारण ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याची) नोंद लागते. तिशीत गेलेले आणि पन्नाशीत परतलेले बरेच जण यात कमी पडतात. कमी पेन्शन दिसली की लगेच निराश होऊ नका, टप्पा ७ त्यांच्यासाठीच आहे.

## टप्पा ३: इथलं घर आणि पैसा, निघण्याआधी

इथे सगळ्यात महागड्या चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

विकायचं असेल तर कधी? भारतातल्या करासाठी तुम्ही ज्या आर्थिक वर्षात निवासी आहात, त्या वर्षात विक्री झाली तर व्यवहार सोपा असतो. ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला १२.५ टक्के कर, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी पडेल तो पर्याय घेता येतो. अनिवासी झाल्यावर हा पर्याय जातो. टीडीएसही मोठा होतो, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढलं नसेल तर बहुतेक खरेदीदार पूर्ण विक्री किमतीवर कापून मोकळे होतात. पैसे मग परताव्यात अडकतात. ब्रिटनमध्ये करनिवासी झाल्यावर विकलंत तर तिथल्या भांडवली नफ्याच्या कराचाही प्रश्न येतो. (भारतात पाच वर्षं पुरी व्हायच्या आत परतणाऱ्यांना आधी विकूनही तो लागू शकतो. त्यांनी सल्लागार गाठावा.)

पैसे न्यायचे कसे? कायमचं निघताना बँकेला कळवून साधं खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं. त्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. ते कागद इथे असतानाच तयार करा. भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येणार, आणि लंडनमध्ये बसून बँकेतला नंबर बदलणं हे वेगळंच तप आहे.

मुखत्यारपत्र: घर लगेच विकणार नसाल तर विश्वासातल्या एका माणसाच्या नावे, ठरावीक कामापुरतं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. नंतर ते तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत करायला दिवस जातात.

सावध: ‘फ्लॅट मुलीच्या नावावर करून टाकतो, म्हणजे तिकडे काही मालमत्ता दिसणार नाही’ हा सल्ला प्रत्येक कट्ट्यावर मिळतो. मदत मिळावी म्हणून मालमत्ता दिली असं अधिकाऱ्याला वाटलं, तर ती अजून तुमचीच आहे असं धरून हिशोब होतो. घरही गेलं आणि मदतही गेली. लपवणं तर त्याहून वाईट, तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

## टप्पा ४: एक फाइल, हातातल्या बॅगेत

ब्रिटनमध्ये स्टेट पेन्शन सोडून बहुतेक मदतींच्या दारावर एकच प्रश्न असतो: तुम्ही इथे कायमचे राहायला आलात का? त्याचं नाव हॅबिच्युअल रेसिडन्स टेस्ट. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी ती चुकत नाही. त्यासाठी हे कागद लागतात:

- एकेरी तिकीट आणि बोर्डिंग पास. ब्रिटिश पासपोर्टवर तिकडे शिक्का मारत नाहीत, त्यामुळे आल्याची तारीख याच कागदावर सिद्ध होते.
- इथलं घर विकल्याचे, भाड्याने दिल्याचे किंवा विक्रीला काढल्याचे कागद.
- गॅस, वीज, क्लब, वर्गणी बंद केल्याच्या पावत्या.
- सामान पाठवल्याची पावती. घरगुती वापरलेलं सामान करमाफीत न्यायचं तर ब्रिटनच्या महसूल खात्याकडे आधी अर्ज करून मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. सामान बंदरात पोहोचल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.
- जुने पे-स्लिप, पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद), नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पूर्वीच्या घराचे कागद. पूर्वी तिथे राहिलात याचा पुरावा पुढे फार कामाला येतो.
- डॉक्टरांची इंग्रजीतली फाइल, डिस्चार्ज समरी, आणि औषधांची मूळ रासायनिक नावं. भारतीय ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही.

सावध: ‘स्वस्त पडलं म्हणून’ परतीचं तिकीट काढू नका. वाचलेल्या काही हजार रुपयांसाठी तुमचा सगळा दावा संशयात येतो.

## टप्पा ५: कुठे उतरायचं

पहिले काही महिने मुलांकडे राहणं हा बहुतेकांचा बेत असतो आणि तो चांगला आहे, पण तीन गोष्टी माहीत हव्यात.

मुलाचा पगार पेन्शन क्रेडिटच्या हिशोबात येत नाही. ‘मुलगा चांगला कमावतो, आपल्याला कोण देणार’ म्हणून अर्जच न करणारे खूप भेटतात. दुसरं, मुलाच्याच घरात राहून त्याला भाडं देत असाल तर त्या भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत) मिळत नाही. तिसरं, मुलगा किंवा मुलगी एकटी राहत असेल तर तिची कौन्सिल टॅक्समधली (तिथल्या घरपट्टीतली) २५ टक्के सूट तुमच्या येण्याने जाऊ शकते.

ज्येष्ठांसाठीची कौन्सिलची (तिथल्या नगरपालिकेची) किंवा हाउसिंग असोसिएशनची (परवडणारी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेची) घरं हवी असतील तर त्या भागाशी नातं लागतं. गेल्या १२ महिन्यांतले ६ महिने तिथे राहिलेलं असणं, किंवा सज्ञान मुलं, भावंडं तिथे निदान ५ वर्षं राहत असणं, हे साधारण निकष. म्हणून आधी मुलांच्या कौन्सिलकडे चौकशी करा.

खासगी भाड्याच्या घरासाठी इंग्लंडमध्ये अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). पूर्वी ब्रिटनमधला ताजा क्रेडिट इतिहास नसलेले लोक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन घर मिळवायचे. १ मे २०२६ पासून ती वाट बंद झाली, एका महिन्याहून जास्त आगाऊ घेता येत नाही. त्यामुळे जामीन राहणारं माणूस आधी ठरवून ठेवा.

भागाची निवड मनावर घ्या. हॅरो-वेंब्लीला ओळखी असतात, भाजी मिळते, डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ जवळ पडतं. पण पेन्शनवर जगायचं तर लेस्टरसारख्या शहरातलं भाडं पाहिल्याशिवाय करारावर सही करू नका. हाउसिंग बेनिफिट मिळालं तरी खासगी घरासाठी त्याला त्या भागाची कमाल मर्यादा असते. वरचं भाडं खिशातून जातं, दर आठवड्याला.

कधी उतरायचं: जमत असेल तर सप्टेंबरच्या मध्याआधी. विंटर फ्युएल पेमेंटसाठी (हिवाळ्यात घर गरम ठेवण्याच्या खर्चासाठीची सरकारी मदत) त्या महिन्यातल्या ठरावीक आठवड्यात तिथले रहिवासी असावं लागतं (२०२५ मध्ये १५ ते २१ सप्टेंबर). घरामागे २०० पौंड, घरात ८० च्या वरचं कुणी असेल तर ३००. ३५,००० पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्यांकडून ते करातून परत घेतलं जातं.

## टप्पा ६: पहिला आठवडा

या क्रमानेच.

१. पेन्शन. इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला आल्याची तारीख आणि पत्ता कळवा. मुलाचा पत्ता चालतो. त्यांचं उत्तराचं पत्र हा तुमचा पहिला सरकारी पत्त्याचा पुरावा, ज्यावर पुढे बँकेचं काम होतं. म्हणून हे पहिलं.

२. जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. त्याच दिवशी नाव नोंदवा. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा देणं बंधनकारक नाही. रिसेप्शनवर कुणी अडवलं तर हे शांतपणे सांगा. कायमचं राहायला आलेल्याला एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) मोफत सेवा पहिल्या दिवसापासून आहे, सहा महिने थांबावं लागतं ही अफवा आहे. उलट, नुसत्या ब्रिटिश पासपोर्टवर दोन महिन्यांसाठी येऊन शस्त्रक्रिया करून घेता येईल हेही खोटं, हॉस्पिटल बिल लावतं. इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधं आणि डोळ्यांची तपासणी मोफत. दात मात्र वयामुळे मोफत होत नाहीत.

३. पेन्शन क्रेडिटचा अर्ज. फोनवरही करता येतो. ‘आधी स्थिरस्थावर होऊ’ म्हणून थांबू नका.

४. बँक. जुनं खातं जिवंत असेल तर उत्तम. नसेल तर बेसिक खातं मागा.

५. बस पास. इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयापासून, गर्दीची वेळ सोडून मोफत. कौन्सिलकडून मिळतो.

## टप्पा ७: पेन्शन क्रेडिट, ज्यावर बाकी सगळं अवलंबून

उत्पन्न एका रकमेपेक्षा कमी असेल तर वरचा फरक सरकार भरून देतं. २०२५-२६ मध्ये ही रक्कम एकट्याला आठवड्याला २२७.१० पौंड, जोडप्याला ३४६.६० होती. अपंगत्व किंवा दुसऱ्याची शुश्रूषा यामुळे ही मर्यादा वाढते. जोडप्यातला एकजण पेन्शनच्या वयाचा नसेल तर सहसा पेन्शन क्रेडिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटकडे (पेन्शनच्या वयाखालच्यांसाठीची मदत) जावं लागतं.

बचतीला वरची मर्यादा नाही. पहिले १०,००० पौंड सोडून देतात, पुढच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे (किंवा त्याच्या भागामागे) आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. भारतातला फ्लॅटही यात येतो.

उदाहरण करून बघू. नवऱ्याची पेन्शन १८०, बायकोची ६५, एकूण २४५. मर्यादेला १०१.६० कमी. भारतात ६९ लाखांचा फ्लॅट, पौंडाला ११५ रुपये धरून ६०,००० पौंड. विक्रीखर्चापोटी १० टक्के वजा, ५४,०००. त्यातले १०,००० सोडले, ४४,००० उरले. म्हणजे आठवड्याला ८८ पौंड मानीव उत्पन्न. हाती पेन्शन क्रेडिट येतं १३.६० पौंड.

इथे लोक म्हणतात, तेरा पौंडांसाठी कोण एवढे कागद नाचवणार? पण मर्यादेपर्यंत भरून देणारा हा भाग, ज्याला गॅरंटी क्रेडिट म्हणतात, एक पौंडही मिळत असला तरी बाकीची कुलपं त्याच किल्लीने उघडतात. हाउसिंग बेनिफिटसाठी १६,००० पौंडांची बचतीची अट असते, गॅरंटी क्रेडिट असेल तर ती लागत नाही. कौन्सिल टॅक्स बहुतेकदा पूर्ण माफ होतो. दातांचे उपचार मोफत. वीजबिलात १५० पौंडांची सवलत. कडाक्याच्या थंडीत सात दिवसांमागे २५ पौंड. वय ७५ च्या वर असेल तर टीव्ही लायसन्स मोफत. हे सगळं जोडल्यावर तेरा पौंडांचा भाव कळतो.

फ्लॅट खरोखर विक्रीला काढलेला असेल तर सहसा २६ आठवडे, आणि गरज पडल्यास त्याहून जास्त, त्याची किंमत धरत नाहीत. एजंटची पत्रं जपून ठेवा.

## टप्पा ८: मुलाखत

अर्जानंतर फोन येतो किंवा बोलावणं. का गेलात, का परतलात, कधी ठरवलं, ब्रिटनमध्ये कोण आहे, भारतात काय उरलं आहे, असं विचारतात. मराठी माणूस इथे नम्रपणापायी मार खातो. ‘बघू, मुलांना जमलं तर राहू’, ‘देवाची इच्छा’ अशी उत्तरं आपल्याकडे सभ्यपणाची, पण अधिकाऱ्याच्या कागदावर ती ‘निश्चय नाही’ अशी उतरतात. निर्णय झाला आहे तर तसं सरळ सांगा, आणि कारण एका वाक्यात द्या.

निश्चयाखेरीज काही काळ तिथे राहिलेलं असणंही बघतात. कायद्यात ठरावीक मुदत नाही, व्यवहारात एक ते तीन महिने धरले जातात. पूर्वीचंच वास्तव्य पुन्हा सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत तो काळ अगदी थोडा असू शकतो, म्हणून टप्पा ४ मधले जुने कागद इथे पुढे करा. निकाल येईपर्यंतचा घरखर्च, निदान तीन महिन्यांचा, जवळ हवा.

नकार आला तर एका महिन्याच्या आत फेरविचाराची मागणी करा, आणि त्याच वेळी नवा अर्जही भरा. फेरविचारात पहिल्या तारखेचा हक्क जिवंत राहतो, आणि नव्या अर्जाच्या दिवशी तुमचं वास्तव्य तेवढं जुनं झालेलं असतं. लोक दोन्हींतलं एकच करतात. सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा एज यूके या सेवाभावी संस्थांच्या स्थानिक कार्यालयात हे मोफत करून देतात.

## टप्पा ९: पहिली दोन वर्षं

भारतवारी. पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट चालू असताना देशाबाहेर साधारण चार आठवड्यांपर्यंतच राहता येतं. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा उपचार असतील तर जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात काढायची सवय इथे मोडावी लागते. जाण्याआधी कळवा. न कळवता गेलात तर मिळालेले पैसे परत द्यावे लागतात, आणि नव्या अर्जात कायम वास्तव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कर. ब्रिटनचे करनिवासी झालात की भारतातलं भाडं आणि ठेवींचं व्याज तिथे दाखवावं लागतं. भारतात करमुक्त असलेलं एनआरई खात्याचं (अनिवासींच्या परदेशी कमाईच्या खात्याचं) व्याजसुद्धा. सलग दहा वर्षं ब्रिटनबाहेरचे करनिवासी राहिलेल्यांना परतल्यावर पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण त्या वर्षी १२,५७० पौंडांची नेहमीची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. छोट्या पेन्शनवाल्याला ही सूट महागात पडू शकते. आकडे मांडल्याशिवाय टिक करू नका.

अटेंडन्स अलाउन्स. आंघोळ, कपडे, रात्रीची देखरेख यासाठी मदत लागत असेल तर उत्पन्न न बघता हा भत्ता मिळतो (२०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड). मात्र त्याआधीच्या तीन वर्षांतली दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. भारतातून परतलेल्याने पहिल्या महिन्यात केलेला अर्ज फेटाळला जातो, आणि ‘आपल्याला मिळत नाही’ अशी समजूत कायमची बसते. दोन वर्षं पूर्ण होण्याची तारीख काढून मुलांच्या फोनमध्ये आठवण लावून ठेवा. तो भत्ता मंजूर झाला की पेन्शन क्रेडिटचा हिशोब पुन्हा करून घ्या. काहींची मर्यादा त्याने वाढते (२०२५-२६ मध्ये आठवड्याला ८२.९० पौंडांनी), आणि आधी नाकारलेल्यालाही गॅरंटी क्रेडिट मिळू शकतं.